आईला रेडिएशनच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतायत, सही करू का?

पंचगंगाकाठ
२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार. वर्षभर इथलं नुसतं वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदा बसले. आईला (वय ५८) मार्चमध्ये डाव्या बाजूला गाठ हाताला लागली, तुकडा तपासायला पाठवला, स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये पूर्ण काढावा लागला, काखेतल्या गाठीपण काढल्या आणि त्यातल्या दोनमध्ये आजार पोचलेला होता. मग तीन-तीन आठवड्यांनी आठ केमो. केस गेले, तोंड आलं, पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून एकदा केमो पुढं ढकलली, सगळं बघून झालं. आता लाईट (रेडिएशन) द्यायचे राहिलेत.

परवा डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं की एक ट्रायल चालू आहे, वेगवेगळ्या शहरांतली हॉस्पिटलं मिळून करायलेत. नेहमीच्या पद्धतीत १५ लाईट, तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. दुसऱ्या पद्धतीत ५ च लाईट, एका आठवड्यात संपलं, पण प्रत्येक वेळचा डोस जास्त. आईला कुठली पद्धत ते डॉक्टर ठरवणार नाहीत, आम्ही पण नाही, कॉम्प्युटर ठरवणार. १६ पानांचा मराठी फॉर्म घरी वाचायला दिलाय, गुरुवारपर्यंत सांगा म्हणालेत.

दादा पुण्यात असतो, त्याला फोन केला तर एकच वाक्य, "आपल्या आईवर प्रयोग करायचे नाहीत." आई मूळची भुदरगडची, उपचारापुरती माझ्याकडं कसबा बावड्यात आलीय. ती म्हणतेय, "पाच तर पाच, पंधरा तर पंधरा, मी जातो की. पण ते मशीन ठरवणार म्हणजे काय ते मला कुणीतरी नीट सांगा." आणि मलाच ते नीट सांगता येईना. कुणी यातनं गेलंय का? सही करू का नको?

उद्यमनगर
२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

ताई माझं मत विचाराल तर नको. कारण सांगतो. आठ वर्षांमागं माझ्या काकांना दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलेलं, नाव घेत नाही. ऑपरेशनला स्ट्रेचरवर घेऊन निघाले तेव्हा माझ्यापुढं चार कागद धरले, इथं करा इथं करा, मी केल्या सह्या, त्या घडीला कोण वाचतंय. काका गेल्यावर फाईल चाळताना कळलं की त्यातला एक कागद कुठल्यातरी अभ्यासाचा होता. त्यांच्या मरणाचा आणि त्याचा संबंध होता असं मी म्हणत नाही, नसेलही. पण आम्हाला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तो कागद अजून माझ्याकडं आहे. तेव्हापासून ट्रायल शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

शिरोळची सून
३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पंचगंगाकाठ, आईंना माझा नमस्कार सांगा. मी स्वतः पेशंट, सात वर्षं होत आली. ट्रायलमध्ये नव्हते, पण पंधरा आणि पाच यातला फरक आमच्याकडच्या माणसाला काय असतो ते मला माहीत आहे म्हणून लिहितेय.

माझे लाईट २०१९ च्या ऑगस्टमध्ये चालू होते. नऊ झाले आणि पूर आला. शिरोळ तालुका सगळा पाण्यात, शिरोलीजवळ हायवे बंद, आम्ही वरच्या मजल्यावर, खाली ओसरीत पाणी. गावातनं बोट निघाली तेव्हा आधी म्हातारी माणसं आणि बाळंतिणी, आणि ते बरोबरच होतं. पण मी रोज बोटं मोजत बसायची, आज दहावा व्हायला पाहिजे होता, आज अकरावा. लाईटमध्ये असा खंड पडलेला चांगला नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चूक कुणाचीच नव्हती. पण माझे पाचच असते तर पाणी चढायच्या आधी संपलेले असते.

तेव्हा पाच लाईट पुरतात का हा प्रश्न कुणीतरी नीट अभ्यास करून सोडवत असेल तर मला ते आमचंच काम वाटतं.

डेटाताई
३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

मी कॅन्सरच्या अभ्यासांमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, आधी मुंबईत, आता पाच वर्षं कोल्हापुरात. म्हणजे तो १६ पानांचा फॉर्म पेशंटसमोर वाचून दाखवणारी आणि पुढं पाच-दहा वर्षं फोन करत राहणारी जी बाई असते ती मी. तुमची ट्रायल आमच्याकडची नाही, त्यामुळं मोकळेपणानं लिहिते. मोठं होईल, पण आईंना वाचून दाखवा.

आधी उद्यमनगर दादांना. तुमच्यावर झाला तो अन्यायच होता. स्ट्रेचरजवळ घेतलेली सही ही संमती नव्हेच. देशातपण असं घडलंय. २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीचा एक प्रकल्प आंध्रात खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला झाला, त्यात खम्मममध्ये वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या. गदारोळ झाला, सरकारनं २०१० मध्ये थांबवलं, पुढं संसदेच्या समितीनंही ताशेरे ओढले. तुमची भीती हवेतली नाही.

म्हणूनच आता काय काय मागायचं ते माहीत पाहिजे. फॉर्म आपल्या भाषेत पाहिजे, घरी न्यायला मिळाला पाहिजे, आणि सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडं राहिली पाहिजे. अभ्यासाला हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्या कमिटीत डॉक्टर सोडून वकील आणि साधा नागरिकपण असावा लागतो, आणि कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर छापलेला असतो, तो बिनधास्त फिरवा. ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद असते, नंबर विचारा, घरी बसून मोबाईलवर उघडून बघता येते. आणि सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यायची गरज नाही, नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. यातलं एक जरी उत्तर मिळालं नाही तर सही करू नका, हे मी या धंद्यात असून सांगतेय.

आता आईंचा प्रश्न, मशीन ठरवणार म्हणजे काय. काकू, समजा डॉक्टरांनाच ठरवू दिलं. ते भले मनानं चांगले, पण नकळत काय होईल, जी बाई धडधाकट आहे तिला पाच देतील आणि अशक्त बाईला नेहमीचे पंधरा, उगी धोका नको म्हणून. पाच वर्षांनी बघितलं तर पाचवाल्या बायका छान. पण त्या लाईटमुळं छान का मुळातच धडधाकट होत्या म्हणून? कळायला मार्ग नाही. म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटरकडनं ठरवून घेतात, मग दोन्हीकडं सगळ्या तऱ्हेच्या बायका सारख्या वाटल्या जातात.

आणि एवढी शहरं कशाला एकत्र यायला लागतात, तर आकड्यासाठी. एक उदाहरण देते. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकारानं एक अभ्यास झाला, देशातली ११ केंद्रं, १६०० बायका, २०११ ते २०२२. सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर. निम्म्या बायकांना ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचलं, दात काढताना बधिर करायला देतात तेच, किरकोळ किमतीचं. पाच वर्षांनी बघितलं तर इंजेक्शन नसलेल्या बायकांत शंभरातल्या ८६ हयात होत्या, इंजेक्शनवाल्या ९०. शंभरात चार. वर्षाला शंभर ऑपरेशनं करणारा सर्जन असला तरी त्याच्या डोळ्याला हे चार जीव कधी दिसणार नाहीत, एखादं वर्ष बरं गेलं एखादं वाईट गेलं एवढंच वाटेल. ११ ठिकाणच्या बायका एका वहीत मोजल्या तेव्हा ते चार दिसले. २०२३ मध्ये छापून आलं.

त्या चारांसाठी मी फोन करते.

कोथरूड
३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मी पंचगंगाकाठचा भाऊ. तिनं लिंक पाठवली, सगळं वाचलं. रागानं बोललो तिच्यावर, ते चुकलंच. पण एक शंका आहे आणि ती डेटाताईंनी किंवा कुणी डॉक्टरांनी सोडवावी. दुपारभर वाचत बसलो होतो, ब्रिटनमध्ये हाच प्रश्न सुटलाय असं दिसतंय, ५ विरुद्ध १५, २०२० मध्ये निकाल आलाय, चांगला आलाय. मग आमच्या आईवर परत कशासाठी? सरळ पाच द्या की. का इथं स्वस्तात पेशंट मिळतात म्हणून?

गडहिंग्लजचा डॉक्टर
३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

कोथरूड, प्रश्न अगदी बरोबर विचारलात. मी फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण पेशंट आधी आमच्याकडंच येतो आणि शेवटी परत आमच्याकडंच येतो, त्यामुळं बघण्यात आहे.

तुम्ही वाचलात तो अभ्यास फास्ट-फॉरवर्ड. ब्रिटनमधली ९७ हॉस्पिटलं, चार हजारांवर पेशंट. पंधरा लाईटवाल्यांत पाच वर्षांत त्याच जागी आजार परतला तो शंभरात २.१ जणांना आणि पाच लाईटवाल्यांच्या दोन गटांत १.७ आणि १.४. म्हणजे पाच कुठंच कमी पडले नाहीत. पण तिथले पेशंट कोण होते हे बघा. शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणींची फक्त गाठ काढलेली होती, पूर्ण स्तन काढलेल्या अगदी थोड्या. आपल्याकडं बाई उशिरा येते, गाठ मोठी झालेली असते, काखेत पोचलेली असते, स्तन पूर्ण काढावा लागतो. तुमच्या आईसारखं. अशा बाईला छातीच्या भिंतीवर आणि वरच्या ग्रंथींवर लाईट द्यायला लागतो, आणि मोठा डोस पाच दिवसांत तिथं दिला तर खांदा, हाताची सूज, फुप्फुस यांचं पाच-दहा वर्षांनी काय होतं हे त्या आकड्यांवरनं सांगता येत नाही. ते आपल्याच बायकांत बघायला लागणार. त्यांचं उत्तर आपल्याला उसनं चालत नाही.

आणि हे काही आपल्या भागाला नवीन नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदवही चालू आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था आयएआरसी यांनी मिळून १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो तो) तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, २००९ मध्ये ते जगभर छापलं गेलं. खेड्यापाड्यातल्या बायकांनी दिलेलं उत्तर आहे ते.

मला खरं दुखणं वेगळंच वाटतं. आपलं कोल्हापूर-इचलकरंजी-सांगली-मिरज हा सगळा एकच पट्टा आहे. पेशंट तुकडा एका ठिकाणी तपासतो, ऑपरेशन दुसरीकडं, केमो तिसरीकडं, लाईट मिरजेला, आणि मध्येच कुणी सांगितलं म्हणून मुंबई. प्रत्येक ठिकाणी वेगळी फाईल. पाच वर्षांनी हा माणूस आहे का गेला हे पाचापैकी एकाही ठिकाणी कळत नाही. गेल्या महिन्यात माझ्याकडं एक आजोबा आले, गालाचा कॅन्सर, पिशवीत तीन हॉस्पिटलचे कागद, पण ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नाही. तो एक कागद नव्हता म्हणून लाईट द्यायचे का नाही हे ठरेना, मुलगा दोन दिवस गाडी घेऊन हिंडला तेव्हा मिळाला. या पट्ट्यातले सर्जन, केमोवाले, लाईटवाले, पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातनं एकदा एका स्क्रीनपुढं बसून अवघड केसेस बघतील आणि सगळ्यांची वही एक असेल तर निम्मे प्रश्न तिथंच सुटतील असं माझं ठाम मत आहे. टाटाच्या पुढाकारानं २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, म्हणजे कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यात, आता ३०० च्या वर केंद्रं आहेत, त्यांनी ४० औषधं मिळून खरेदी केली तर किंमत ८२ टक्क्यांनी उतरली. एकेकटं गेल्यावर कोण देतंय ती किंमत.

रात्रगाडी
४ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

डॉक्टरसाहेबांनी गालाचं काढलं म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना जिभेच्या कडेला जखम झालेली, मावा तीस वर्षांचा. महालक्ष्मीनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर मिळाली. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं आणि सोबतच्याला पाऊण सवलत, हे पण आम्हाला तिसऱ्या फेरीला कळलं, कुणी जाणार असेल तर दाखला आधी घ्या.

सर्जन म्हणाले जखम छोटी आहे पण जिभेबरोबर मानेचंपण ऑपरेशन करूया. मानेत हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीतपण नाही. आमच्या चुलत्यांनी आकाशपाताळ एक केलं, चांगली मान कशाला कापता, बिल वाढवायला का. तेव्हा त्या सर्जननी टेबलावर कागद घेतला आणि समजावलं. टाटामध्येच हा प्रश्न दहा वर्षं अभ्यासला, डॉ. अनिल डिक्रूझ यांनी, ५०० पेशंटचे आकडे २०१५ ला आले. निम्म्यांची मान आधीच साफ केली, निम्म्यांची गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी आधीवाले शंभरात ८० हयात, थांबलेले साडेसदुसष्ट. कागदावर ८० आणि ६७.५ लिहून त्यांनी खाली रेघ मारली आणि गप्प बसले. चुलते पण गप्प झाले.

वडिलांची मान साफ केली. काढलेल्या ग्रंथींतल्या एकीत आजार निघाला, जो बाहेरनं कुणाला कळला नसता. आज ते शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर बसलेले असतात, बोलणं थोडं बोबडं येतं. त्या पाचशेतल्या एकालाही मी ओळखत नाही. त्यातले बरेचजण आता नसतील. पण त्यांनी सह्या केल्या म्हणून माझ्या बापाची मान कुणीतरी वेळेवर उघडून बघितली.

उद्यमनगर
४ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

रात्रगाडी, वाचून काम सुचेना. लेथ बंद करून बसलोय.

डेटाताई, तुम्ही आमच्या काकांचं चुकीचं झालं हे सरळ लिहिलंत, एवढ्या वर्षांत हे म्हणणारं पहिलं माणूस भेटलं. एकच विचारतो, पैसे कोण देतंय हे कसं ओळखायचं? आणि काही वाईट झालं तर?

डेटाताई
४ नोव्हेंबर, दुपारी २:१०

दादा, दोन्ही फॉर्ममध्येच असतं. पैसा कुणाचा, सरकारी संस्थेचा का औषध कंपनीचा, हे छापलेलं पाहिजे. कंपनीचा असला म्हणजे वाईट असं नाही, पण माहीत पाहिजे. अभ्यासामुळं इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, भरपाई कशी, हेपण लिहिलेलं असतं. पाच का पंधरा लाईट अशा अभ्यासात कंपनीला विकण्यासारखं फारसं काही नसतं, उलट लाईट कमीच होतात. म्हणून असे प्रश्न सहसा डॉक्टरांनाच एकत्र येऊन सोडवावे लागतात, दुसरं कोण सोडवणार.

आणि खम्ममच्या गोष्टीचा पुढचा भाग राहिला. २०१० ला सरकारनं त्या लसीचे सगळेच अभ्यास थांबवले. त्याच वेळी आयएआरसीचा एक वेगळाच अभ्यास चालू होता, बार्शी, पुणे, मुंबईसह देशात अनेक ठिकाणी, १७ हजारांवर मुली. खरं तर दोन डोस विरुद्ध तीन डोस बघायचं होतं. अचानक बंद झाल्यामुळं जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. अभ्यास फसला म्हणून कुणी वही मिटली नाही. त्या मुली मोठ्या झाल्या, लग्नं होऊन दुसऱ्या गावांना गेल्या, नंबर बदलले, आडनावं बदलली, तरी आमच्यासारख्या बायका त्यांना शोधत राहिल्या. २०२१ मध्ये दिसलं की एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, दोन-तीन डोसइतकंच. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं एक डोसही चालेल म्हटलं, त्यामागं इतर अभ्यासांबरोबर याही मुली आहेत.

त्यामुळं पंचगंगाकाठ, सही करा किंवा करू नका, तो निर्णय सर्वस्वी आईंचा. पण केलीत तर पुढं फोन उचला. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका. मी दिवसाला तीस-चाळीस फोन करते, त्यातले कितीतरी लागत नाहीत, काही लोक चिडतात. एकदा एका घरी मुलानं उचलला, म्हणाला आई दोन वर्षांमागं वारली, आता कशाला करताय. मी म्हटलं तारीख सांगाल का. तो थांबला, आतनं कॅलेंडर आणलं आणि सांगितली. तीपण वहीत लागते.

पंचगंगाकाठ
६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळेना. दादा काल रात्री गाडीनं आला. आम्ही तिघं आज गेलो. उद्यमनगर दादा, तुमचा प्रश्न पहिला विचारला, पैसे कोण देतंय. सीटीआरआयचा नंबर विचारला, डॉक्टरांनी स्वतः उघडून दाखवला. दादानं ब्रिटनचं विचारलं, तर गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी लिहिलं तेच त्यांनी सांगितलं, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं की कुणीतरी विचारतंय. मग कोऑर्डिनेटर सिस्टरनी आईला सगळी १६ पानं वाचून दाखवली, दीड तास लागला, आई मध्येच थांबवून विचारायची, हाताची सूज म्हणजे कायमची का, जनावरांचं शेण काढायला येईल का. सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी सही मी करणार म्हणून पेन काढलं तर आई म्हणाली, "आण इकडं, माझं अंग हाय, मी करतो." सावकाश अक्षर लावून पूर्ण नाव लिहिलं.

कॉम्प्युटरनं पंधरा काढले.

दादाचा चेहरा पडला, आता त्यालाच पाच पाहिजे होते. आई मात्र गाडीत म्हणाली, "अरे पाचवाल्या बायका कशाशी तोलणार मग? दुसरं पारडं नको व्हय?" डेटाताई, तुमचं ते तिला वाचून दाखवलं होतं त्याच्यापेक्षा तिला जास्त समजलंय असं मला वाटलं.

शिरोळची सून
६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

काकूंना सांगा, लाईट घेताना डावा हात डोक्यावर करून पडायला लागतं, आखडलेला असला तर फार दुखतं. आत्तापासून भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, जिथं पोचेल तिथं पेन्सिलनं खूण करायची, उद्या खुणेच्या वर. आणि छातीवर शाईच्या खुणा करतील त्या साबणानं घासायच्या नाहीत, पुसल्या तर सांगायचं, स्वतः परत काढायच्या नाहीत. कॉटनचं ढगळ ब्लाऊज घाला.

पंचगंगाकाठ
९ डिसेंबर, सायंकाळी ६:००

काल पंधरावा झाला. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलच्या अकरा खुणा आहेत, सगळ्यात वरची मिक्सरच्या फळीच्या पातळीला. जांभळ्या शाईच्या खुणांना आई फार जपायची, आंघोळीला मला बाहेर उभं करून विचारायची पुसली काय बघ. शेवटच्या आठवड्यात कातडी काळवंडली, काखेत थोडी सोलली, मलम दिलंय. तिथं बाकावर तिला पाचवाली एक बाई भेटली, हातकणंगल्याची. तिचे संपले तरी एकमेकींना फोन चालू आहेत, कुणाची कातडी कशी, कुणाचा हात किती वर जातोय.

पंचगंगाकाठ
५ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, कळवायचं होतं. आई जानेवारीतच गावी गेली. गेल्या महिन्यात सहा महिन्यांची तपासणी झाली, सिस्टरनी दोन्ही दंडांना टेपनं मापं घेतली, कोपराच्या वर १० सेंटीमीटरवर खूण करून, डाव्याचं माप उजव्यापेक्षा अर्ध्या सेंटीमीटरनं जास्त, तेवढं चालतं म्हणाल्या. दोन्ही आकडे आईनं घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलेत. आणि कोथरूडवाल्यानं आईचे तुकड्याच्या रिपोर्टपासून सगळे कागद स्कॅन करून आम्हा तिघांच्या मोबाईलवर टाकलेत, गडहिंग्लजच्या डॉक्टरांचं ते आजोबांचं वाचल्यापासनं त्यानं धसकाच घेतला होता.

परवा रोपलावण चालू होती. आईला चिखलात उतरायला बंदी, हाताला जखम नको म्हणून, तर ती बांधावर खुर्ची टाकून बायकांवर देखरेख करायली होती. पाऊस भुरभुरत होता. फोन वाजला, अनोळखी नंबर, माझी मामी म्हणाली कंपनीचा असंल, कट करा. आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतनं मोबाईल काढला, पदराला हात पुसले आणि उचलला. ट्रायलच्या सिस्टरचाच होता, तपासणीतला एक प्रश्न विचारायचा राहिला होता, खांदा कितपत वर जातो. आईनं तिथंच बांधावर उभं राहून डावा हात वर केला, मामीला म्हणाली बघ कुठवर गेला, आणि मामीनं ओरडून फोनवर सांगितलं, "कानाच्या वर गेला ओ, कानाच्या वर!"